कुलूप स्वदेशी, किल्ली कुणाची?

(गोंदिया येथे झालेल्या कुटुंबमेळाव्यात एका ज्येष्ठ पत्रकाराने केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



संयोजकांनी मला ‘आपल्या रोजच्या वापरातील संगणकीय आज्ञावली’ हा विषय दिला, तेव्हा प्रथम मला वाटले की, निमंत्रणपत्रिकेवर चुकून माझे नाव छापले गेले असावे. मी कलाशाखेचा पदवीधर. मराठी वाङ्मय आणि इतिहास हे माझे विषय. गणिताने मला शालान्त परीक्षेत कसेबसे सोडले, तेव्हापासून आम्ही एकमेकांच्या वाटेला गेलेलो नाही. त्यानंतरची तीस वर्षे या जिल्ह्यात बातमीदारी करण्यात गेली. मग विचार करता लक्षात आले की, या विषयावर बोलण्याची माझी योग्यता एकच आहे. अशाच एका आज्ञावलीवर विसंबून मी माझे चौदा वर्षांचे लेखन गमावून बसलो होतो. ज्याला ठेच लागते, त्याला वाटेतला दगड इतरांपेक्षा चांगला आठवतो.

‘आज्ञावली’ हा शब्द भाषणापुरता ठीक आहे. घरात आपण सर्वजण ‘ॲप’ म्हणतो आणि मीही आता तसेच म्हणेन. या शब्दाची एक गंमत आहे. ‘अ’वर चंद्र असलेले हे जे पहिले अक्षर, त्याला जागतिक संगणकीय लिपिमानकात, म्हणजे युनिकोडमध्ये, स्वतःचे स्थान मिळाले ते २००८ साली. तोवर ‘अ’ला चंद्राची मात्रा कशीबशी चिकटवून काम भागवावे लागत असे. ज्या वस्तूने आपले आयुष्य व्यापले, तिच्या नावाचे पहिले अक्षरच संगणकाला सुरळीत लिहिता येत नव्हते!

आता गोंदियातील एखाद्या मध्यमवर्गीय घराची सकाळ डोळ्यांसमोर आणा. मुलगा पुण्याहून येतो आहे. कोल्हापूरहून निघालेली महाराष्ट्र एक्स्प्रेस कुठवर आली, हे वडील अंथरुणातूनच मोबाइलवर पाहतात. पूर्वी त्यासाठी स्थानकावर जाऊन चौकशीच्या खिडकीशी हुज्जत घालावी लागे. आई तिथी पाहते, तीही मोबाइलवर. भाजीवाल्या मावशींच्या पाटीला चौकोनी ठिपक्यांचे चित्र टांगलेले असते, त्यावर मोबाइल धरला की वीस रुपये पोहोचतात. काकांना शेताचा सातबारा हवा असतो, तो ऑनलाइन मिळतो. सूनबाईंच्या शाळेचा निरोप व्हॉट्सॲपवर येतो आणि घरातील तीन पिढ्यांची छायाचित्रे कुठल्या तरी अदृश्य कोठारात जाऊन पडतात. ते कोठार कुठे आहे, हे घरातील कुणालाही सांगता येणार नाही. या सोयींना नावे ठेवायला मी इथे आलेलो नाही. त्यांच्यामुळे आयुष्य सुकर झाले आहे आणि मी स्वतः त्या सर्व वापरतो. प्रश्न विसंबण्याचा आहे. कशावर विसंबावे आणि किती, हे माझ्यावर जे गुदरले, त्यावरून सांगतो.

१९९८ साली मी संगणक घेतला. तेव्हा गोंदिया भंडारा जिल्ह्यात होते. त्याआधी माझा मजकूर छापखान्यात जाई आणि जुळारी एकेक खिळा उचलून तो जुळवत असे. ट्रेडल यंत्राचा तो खडखडाट आजही माझ्या कानांत आहे. संगणकासोबत मी मराठी लिपीची एक आज्ञावली विकत घेतली. कंपनीचे नाव सांगण्यात अर्थ नाही, कारण त्या काळी जवळजवळ सर्वच कंपन्या तेच करत होत्या. आज्ञावलीबरोबर काडेपेटीएवढी एक वस्तू मिळाली. ती संगणकाच्या मागच्या बाजूला, छपाईयंत्राची वायर जिथे लागते तिथे खोचायची. तिला ‘लॉक’ म्हणत. ती खोचली तर मराठी लिहिता येई, काढली तर सारे ठप्प. मी मोठ्या अभिमानाने ती येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत असे. आपण कुलूप दाखवतो आहोत, हे तेव्हा उमगले नाही.

पुढची चौदा वर्षे मी त्या आज्ञावलीत लिहीत राहिलो. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा अस्तित्वात आला, त्या दिवसाचे वार्तांकन तिच्यात लिहिले. पण माझ्या दृष्टीने सर्वांत मोलाचे होते ते वेगळेच. सुटीच्या दिवशी मी तिरोडा, सडक अर्जुनी, अर्जुनी मोरगाव या भागांतील वृद्धांकडे जाऊन बसत असे. माजी मालगुजारी तलावांचे, ज्यांना आपण मामा तलाव म्हणतो, त्यांचे पाणी गावात कसे वाटले जाई, पाळीवरून तंटा झाला तर कोण मिटवी, चिन्नोर, लुचई, हिरानखी हे धान कुठल्या बांधीत घेत, हे ती मंडळी सांगत आणि मी लिहून घेई. त्यांतील बहुतेकांनी ते पूर्वी कुणालाही सांगितले नव्हते, कारण कुणी विचारलेच नव्हते. आज त्यांतील एकही व्यक्ती हयात नाही.

२०१२ साली संगणक बंद पडला. नवीन आणला, तर त्याला मागे ते लॉक खोचायची जागाच नव्हती. तशी जागा असलेले संगणक आता येत नाहीत, असे दुकानदाराने सांगितले. फायली दुसऱ्या संगणकावर उघडल्या, तेव्हा पडद्यावर इंग्रजी अक्षरांची आणि विरामचिन्हांची नुसती खिचडी दिसली. चौदा वर्षे मी मराठीत लिहिले होते आणि त्यांतील एक शब्दही मराठी नव्हता.

असे का घडले, ते मला पुष्कळ उशिरा कळले. संगणकाला अक्षरे कळत नाहीत, त्याला आकडे कळतात. प्रत्येक अक्षराला एक ठरावीक आकडा द्यावा आणि तो जगभर सर्वांनी पाळावा, हा सरळ मार्ग झाला. त्या काळच्या आज्ञावलींनी आडवाट धरली. त्यांनी इंग्रजी अक्षरांचेच आकडे घेतले आणि त्यांवर देवनागरीचे तुकडे चितारले. संगणकाच्या लेखी तुम्ही इंग्रजी ‘के’ लिहीत होता. पडद्यावर मात्र त्या ‘के’च्या जागी देवनागरीचा एखादा काना, एखादी वेलांटी दिसत असे. शिवाय कुठल्या अक्षरावर कुठला तुकडा, हे प्रत्येक कंपनीने आपापल्या मर्जीने ठरवले. त्यामुळे एका कंपनीच्या टंकात लिहिलेला मजकूर दुसरीच्या टंकात वाचता येत नसे. एकदा त्या घरात शिरलेला ग्राहक बाहेर पडणार तरी कसा?

वस्तुतः सरळ मार्ग आपल्याच देशात तयार होता. कानपूरच्या आयआयटीत मोहन तांबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय लिप्या संगणकावर आणण्याचे काम केले आणि पुढे ते पुण्यातील सी-डॅकमध्ये बहरले. सी-डॅकची स्थापना १९८८ची. सर्व भारतीय लिप्यांसाठी एकच कळपाट असावा, म्हणून केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ साली इनस्क्रिप्ट प्रमाणित केला. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजने. ज्या कळीवर ‘क’, तीच शिफ्टसह दाबली की ‘ख’. ‘प’ची कळ शिफ्टसह ‘फ’. आपल्या वर्णमालेची शास्त्रशुद्ध मांडणी तिथे बोटांखाली येते. जो मराठीसाठी हा पाट शिकला, त्याची बोटे तेलुगू आणि बांगला लिपीतही योग्य कळीवर पडतात. इस्की नावाची अक्षरांची आकडेवारी भारतीय मानक ब्यूरोने १९९१ साली मानक म्हणून स्वीकारली. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती आली आणि तिच्यातील देवनागरीची रचना इस्कीच्याच १९८८च्या आराखड्यावर बेतलेली होती. म्हणजे आज जगातील प्रत्येक मोबाइलवर मराठी ज्या क्रमाने साठवली जाते, त्याचा पाया भारतीयांनी घातलेला आहे. विंडोज २००० बरोबर आलेला ‘मंगल’ हा टंकही आपल्याच र. कृ. जोशी यांचा, कवी आणि सुलेखनकार असलेल्या आणि मुंबईच्या आयआयटीत शिकवलेल्या एका मराठी माणसाचा.

हे सारे उपलब्ध असताना आम्ही पत्रकार, प्रकाशक, छापखानेवाले पंधरा-वीस वर्षे निरनिराळ्या कुलपांत का राहिलो? आळस हे एक कारण. टंकलेखन यंत्रावर बसलेली बोटे नवा कळपाट शिकायला तयार नव्हती, माझीही नव्हती. दुसरे असे की, छापील कागद सुंदर दिसत होता आणि आम्हांला तेवढेच पुरेसे वाटत होते. जावजी दादाजींनी निर्णयसागरचे देखणे खिळे ओतले, ते कुठलाही छापखाना विकत घेऊन वापरू शकत होता आणि त्यांनी छापलेले पुस्तक वाचायला जावजींची परवानगी लागत नव्हती. शंभर वर्षांनंतर आम्ही आधुनिक झालो आणि आमचेच लिहिलेले वाचायला एका कंपनीची काडेपेटी लागू लागली!

दोन वर्षांपूर्वी आमगावची एक अभियंता मुलगी, माझ्या मित्राची भाची, सुटीत घरी आली होती. तिने माझ्या फ्लॉप्या मागून नेल्या. एकूण एकेचाळीस होत्या. दमट हवेने आणि बुरशीने अठरा कायमच्या गेल्या, तेवीस उघडल्या. स्वयंसेवकांनी तयार करून विनामूल्य ठेवलेली रूपांतरक साधने तिने वापरली. पहिला मजकूर पडद्यावर आला, तेव्हा मला हसावे की रडावे ते कळेना. ‘धर्म’ या शब्दाचे झाले होते ‘धमर्’ आणि ‘कार्य’चे ‘कायर्’. जुन्या टंकांत रफार जसा दिसतो तसा अक्षरानंतर लिहीत, नव्या मानकात तो जसा उच्चारतो तसा अक्षराआधी येतो. पहिल्या वेलांटीचे नेमके उलट. ‘तऱ्हा’, ‘बांधाऱ्या’ या शब्दांतील आपला खास मराठी ऱ तर कुठल्या कुठे गडप झालेला. तिने महिनाभर बसून एकेक नियम दुरुस्त केला. मी नुसता शेजारी बसून सांगत होतो की, हा शब्द असा हवा. तलावांच्या नोंदींपैकी साधारण अर्धे परत मिळाले. उरलेले अर्धे त्या अठरा फ्लॉप्यांत होते. त्यांत अर्जुनी मोरगाव भागातील एका आजोबांनी तीन बैठकांत सांगितलेली, त्यांच्या गावच्या तलावाच्या पाळीची संपूर्ण कहाणी होती. तिच्यातले मला आता दोन-तीनच प्रसंग आठवतात आणि तेही नीटसे नाहीत.

आपल्या व्यासपीठांवर अशा वेळी एक निष्कर्ष तत्काळ काढला जातो: विदेशी ॲप सोडा, स्वदेशी घ्या. त्या म्हणण्यात तथ्य आहे. जुलै २०२५ मध्ये युरोपीय संघाने नायरा एनर्जी या कंपनीवर निर्बंध लादले. तिचा तेलशुद्धीकरण कारखाना गुजरातमध्ये वाडिनारला आहे आणि तिच्यात रशियन कंपनीचा मोठा हिस्सा आहे. लागलीच मायक्रोसॉफ्टने तिच्या ईमेल आदी सेवा थांबवल्या. पैसे भरलेल्या सेवा आपल्या बंद केल्या, असे कंपनीचे म्हणणे होते. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले, तेव्हा कुठे आठवडाभराने सेवा सुरू झाल्या. भारतात, भारतीय कायद्यानुसार चालणाऱ्या कारखान्याचा टपालव्यवहार ब्रुसेल्समधील एका निर्णयाने अडतो, ही गोष्ट गंभीर आहे. म्हणूनच तामिळनाडूतील तेनकासीसारख्या ग्रामीण भागात बसून झोहोसारखी कंपनी जगाला आज्ञावली पुरवते, याचा मला मनापासून आनंद वाटतो. गोंदियातही असे का होऊ नये, असेही मनात येते.

परंतु, बंधूंनो, माझी चौदा वर्षे ज्या कुलपात अडकली, ते कुलूप शंभर टक्के स्वदेशी होते. कंपनी भारतीय, मालक भारतीय, टंकांची नावेही संस्कृत. तिने मला जसे बांधून ठेवले, तसे एखादी विदेशी कंपनीही ठेवती. फरक पडला नसता. आज्ञावली कुणाची, हा प्रश्न विचारायलाच हवा. पण तिच्यात ठेवलेली माझी वस्तू मला उद्या बाहेर काढून दुसरीकडे नेता येईल का, हा त्याआधीचा प्रश्न आहे आणि तो आपण विचारत नाही.

जिथे हा प्रश्न विचारला गेला, तिथे काय झाले ते पाहा. २० जानेवारी २०११पासून देशभर मोबाइल क्रमांक कायम ठेवून कंपनी बदलता येऊ लागली. तोवर कंपनी बदलायची म्हणजे सर्व नातेवाइकांना नवा क्रमांक कळवायचा. एका नियमाने क्रमांक ग्राहकाचा झाला. दुसरे उदाहरण यूपीआयचे. राष्ट्रीय भुगतान निगमने ते २०१६ साली आणले, त्याच वर्षअखेर भीम ॲप आले. भाजीवाल्या मावशींकडे एका कंपनीचे चित्र, तुमच्याकडे दुसरीचे ॲप, तरीही पैसे पोहोचतात, कारण मधला रस्ता कुणा एका कंपनीच्या मालकीचा नाही. २०२२पासून तर साध्या बटणांच्या फोनवरूनही तो वापरता येतो. आता हेही खरे की, या रस्त्यावरची बहुसंख्य वाहतूक फोनपे आणि गुगल पे या दोनच गाड्यांतून होते आणि या दोहोंमागे अमेरिकी भांडवल आहे. कुठल्याही एका ॲपकडे तीस टक्क्यांहून अधिक व्यवहार नसावेत, असा नियम निगमने २०२० साली केला, पण त्याची मुदत पुढे ढकलत ती डिसेंबर २०२६पर्यंत नेली. ही ढिलाई मला रुचत नाही. तरीही उद्या यांतील एक गाडी बंद पडली, तर तुम्ही दुसरीत बसाल. तुमचे पैसे बँकेत आहेत, गाडीत नाहीत. याउलट व्हॉट्सॲपवरचा संपूर्ण गट उचलून दुसरीकडे नेऊन बघा!

आपल्या शेतकऱ्याचेही तसेच. १५ ऑगस्ट २०२१पासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली. बांधावर उभे राहून पिकाचे छायाचित्र काढायचे आणि नोंद पाठवायची. सालेकसा, देवरीच्या रानभागात रेंज शोधत हिंडणाऱ्या शेतकऱ्यांची चिडचिड मी ऐकली आहे, आणि ती रास्त आहे. आधारभूत केंद्रावर धान द्यायचे तर नोंद हवी, मग रेंज असो वा नसो. पण त्या व्यवस्थेतील एक गोष्ट मला मोलाची वाटते. नोंद सातबाऱ्यावर चढते. मोबाइल नाल्यात पडला, तरी नोंद वाहून जात नाही.

२९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने एकोणसाठ चिनी ॲपवर बंदी घातली. सर्वत्र टिकटॉकची चर्चा झाली, पण त्या यादीत कॅमस्कॅनरही होते, आणि कागदपत्रांच्या प्रती काढण्यासाठी ते आपल्याकडे कार्यालयांतून, वकिलांकडून, शिक्षकांकडून सर्रास वापरले जाई. बंदी योग्य होती. ज्यांनी प्रती साध्या पीडीएफच्या रूपात आपल्या संगणकावर उतरवून ठेवल्या होत्या, त्यांनी दुसऱ्या दिवशी दुसरे ॲप घेतले. सर्व काही ॲपच्याच पोटात ठेवणाऱ्यांची मात्र धावपळ झाली.

आता थोडे घरातले. आमच्या परिचयाच्या एका सार्वजनिक कामाचे कोषाध्यक्ष अकस्मात गेले. निःस्पृह माणूस. अकरा वर्षांचा हिशेब, वर्गणीदारांची नावे, पावत्यांची छायाचित्रे, सारे त्यांच्या मोबाइलमध्ये. मोबाइलला सहा आकडी कुलूप. वहिनींनी वाढदिवस, लग्नाचा दिवस, मुलांच्या जन्मतारखा, सारे करून पाहिले. तेराव्यालाही मंडळी त्याच विवंचनेत होती आणि त्या माउलीला वाटत होते की, आपल्या माणसाच्या प्रामाणिकपणावर कुणी शंका तर घेणार नाही ना. तसे कुणी केले नाही. पण तो हिशेब काही मिळाला नाही. पूर्वीच्या कोषाध्यक्षांची लाल कापडात बांधलेली वही मिळाली, ती १९८७पासूनची.

२०२३ साली संसदेने संमत केलेल्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात मृत्यूनंतर आपल्या वतीने हक्क बजावण्यासाठी एखाद्याला नामनिर्देशित करण्याची तरतूद आहे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून मुख्य तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू व्हायच्या आहेत. मात्र आपली माहिती एका कंपनीकडून दुसरीकडे नेण्याचा हक्क २०१९च्या विधेयकात होता, तो या कायद्यात राहिला नाही. माझ्या मते ही मोठी उणीव आहे आणि आपल्या खासदारांना याविषयी पत्रे गेली पाहिजेत. तोवर जे हाती आहे ते करावे. गुगलच्या खात्यात, आपण काही महिने फिरकलो नाही तर माहिती कुणाला द्यावी, हे आधी सांगून ठेवता येते. दोन वर्षे न वापरलेली खाती ती कंपनी डिसेंबर २०२३पासून काढून टाकू लागली आहे, तेव्हा परदेशी असलेल्या मुलांच्या नावे उघडलेली जुनी खाती एकदा पाहून घ्या. व्हॉट्सॲपवरील संभाषण साध्या मजकुराच्या रूपात बाहेर काढता येते. संस्थेचे असेल तर ते वर्षातून एकदा काढा आणि दोघांकडे ठेवा. कुलपाचे आकडे एका पाकिटात लिहून पाकीट बंद करून घरातील जबाबदार व्यक्तीकडे द्या. ही सूचना फार जुनाट वाटेल. तिजोरीच्या दुसऱ्या किल्लीबद्दल आपले आजोबाही हेच सांगत असत.

आज सकाळी संयोजकांच्या साहाय्याने मागच्या खोलीत एक जुना संगणक मांडला आहे, त्याला फ्लॉपी लागते आणि सीडीही लागते. आमगावची ती मुलगी तिथे बसली आहे. मी निमंत्रणात विनंती केली होती, त्याप्रमाणे काहीजण आपल्या जुन्या फायली घेऊन आलेले दिसतात. कुणाच्या वडिलांचे आत्मचरित्र आहे, एका भगिनींनी सासूबाईंच्या पाककृतींची सीडी आणली आहे. कोणत्या टंकात लिहिले होते ते आठवत असेल तर तिला सांगा, काम सोपे होते. आठवत नसेल तर जुनी छापील प्रत असल्यास ती आणा. चहाची व्यवस्थाही तिथेच केली आहे, मात्र कृपया पेला संगणकाच्या टेबलावर ठेवू नका.